पोट्ट्यांना चॅप्लिन अख्खा दाखवा

वर्धा जिल्ह्यातल्या सगळ्या गुरुजींना, बाईंना आणि घरात आठ ते पंधरा वर्षांची मुलं असलेल्या आईबापांना एक सांगणं आहे. महिन्यातल्या एका शनिवारी शाळेची एक खोली अंधारी करा आणि मुलांना जुना अमेरिकी विनोदी चित्रपट दाखवा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबवता. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांमध्ये आता प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही आहे. पुष्कळ ठिकाणी तो पाहुणे येईपर्यंत कापडाखालीच झाकलेला असतो. ‘आनंददायी शनिवार’ तर सरकारनेच सांगून ठेवला आहे. म्हणजे वेळ आहे, साधन आहे आणि खर्च जवळपास नाहीच.

कोणी विचारेल, अमेरिकीच कशाला? मराठीत विनोद कमी पडला का? मुळीच नाही. ‘सोंगाड्या’ १९७१चा, ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८चा, आणि बनवाबनवीतले संवाद आपल्याकडे सातवीतल्या पोरालाही पाठ असतात. ते सिनेमे टीव्हीवर सारखे लागतात, मुलं बघतात, बघू द्या. पण चित्रपट बोलायला लागण्याआधी अमेरिकेत चार-पाच माणसांनी शब्दांवाचून हसवण्याची जी कला कमावली, ती मुलांपर्यंत आपोआप पोचत नाही. कोणीतरी लावून द्यावी लागते. या कलेला भाषा आडवी येत नाही हा तिचा मोठा गुण. घरी गोंडी बोलणारं पोर, वीटभट्टीवर छत्तीसगडहून आलेल्या कुटुंबातलं पोर आणि इंग्रजी शाळेतलं पोर, तिघं एकाच क्षणी हसतात. पहिली-दुसरीत ज्यांना अजून मराठी नीट कळत नाही, त्यांना वर्गात इतकं बरोबरीचं वाटण्याचे प्रसंग फार येत नाहीत.

आणि हे काही अगदी अनोळखी नाही. टॉम आणि जेरी १९४० पासून एकमेकांच्या मागे धावताहेत. ती पडापड, तो डोक्यात बसणारा फावडा, भिंतीतून आरपार जाणं, हे सगळं मूकपटांच्या घराण्यातलंच आहे. लॉरेल आणि हार्डीला तर आपल्या आजोबांनी ‘जाड्या-रड्या’ म्हणून केव्हाच घरात घेतलं होतं.

आता ‘अख्खा’ या शब्दावर माझा एवढा जोर का, ते सांगतो. हॅरल्ड लॉइडचा ‘सेफ्टी लास्ट’ नावाचा १९२३चा चित्रपट आहे. चष्मा लावलेला एक माणूस उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतोय, ते चित्र तुम्ही मोबाइलवर कुठेतरी पाहिलं असेल. अर्ध्या मिनिटाचं रील असतं, अंगठा वर सरकवला की संपलं. खरी गोष्ट अशी की हा पोरगा गावाकडून शहरात नोकरीला आलाय. कापडाच्या मोठ्या दुकानात साधा विक्रेता आहे, खोलीचं भाडं थकलंय. पण गावाकडे जिच्याशी लग्न ठरलंय तिला पत्रात कळवतो की माझं छान चाललंय. तिला दागिना पाठवायचा म्हणून खोलीतला ग्रामोफोन गहाण टाकतो. मग ती एक दिवस अचानक दुकानातच येऊन उभी राहते आणि याला साहेब असल्याचं सोंग आणावं लागतं. आर्वी-कारंज्याहून पुण्याला गेलेला आणि घरी फोनवर ‘सगळं मस्त आहे’ म्हणणारा एखादा मुलगा तुमच्याही ओळखीत असेलच.

पैशासाठी तो इमारत चढण्याची जाहिरात ठरवतो. चढायचं असतं मित्राने. पण मित्राच्या मागे पोलीस लागतो, तेव्हा मित्र खिडकीतून सांगतो की एक मजला तूच चढ, वरच्या मजल्यावर मी येतो. प्रत्येक मजल्यावर हेच. कुठे कबुतरं अंगावर बसतात, कुठे वरून जाळं पडतं, कुठे उंदीर विजारीत शिरतो. घड्याळ येईपर्यंत बघणाऱ्याचे तळहात ओले झालेले असतात, कारण हा का चढतोय ते आपल्याला ठाऊक असतं. रीलमध्ये फक्त घड्याळ उरतं. त्यावर हसू येतं, पण ते तेवढ्यापुरतंच. रील बघू नका असं मी म्हणत नाही, म्हटलं तरी कोणी ऐकणार नाही. पण मुलांना निदान एकदा कळू द्या की त्या अर्ध्या मिनिटाच्या आधी तासभर काय काय रचून ठेवलेलं असतं. आणि चित्रपट संपल्यावर हेही सांगा की १९१९ मध्ये फोटो काढताना खोटा समजलेला बॉम्ब खरा निघाला आणि लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा व शेजारचं बोट गेलं. या चित्रपटात तो हातमोजा घालून चढतोय. आधी सांगू नका, नाहीतर सगळे बोटंच बघत बसतील.

बस्टर कीटन हा दुसरा. याचा चेहरा कधी हलत नाही, हसत तर नाहीच. ‘शर्लॉक ज्युनिअर’, १९२४चा, अवघा ४५ मिनिटांचा. सिनेमागृहात यंत्र चालवणारा पोरगा झोपतो आणि स्वप्नात उठून सरळ पडद्यातल्या चित्रपटात शिरतो. आत दृश्य बदलत राहतं. बसायला जातो तर बाक नाहीसा, पाण्यात उडी मारतो तर खाली बर्फ. संगणक नव्हते त्या काळात हे मोजून-मापून केलेलं आहे. याच चित्रपटात पाण्याच्या टाकीचा लोंढा अंगावर घेताना त्याची मान मोडली, आणि हे डॉक्टरांच्या लक्षात आलं ते कित्येक वर्षांनी. त्याचा ‘द जनरल’, १९२६चा, आगगाडीचा आहे. पुलगाव-आर्वीची छोट्या रुळांची गाडी आठवणारे आजोबा गावात असतील तर त्यांना मुद्दाम बोलवा. इंजिनात लाकडं टाकणं, वाफ, रूळ बदलणं, सगळं त्यांना मुलांपेक्षा जास्त कळेल. शेवटी पुलावरून कोसळणारं इंजिन खरंखुरं आहे. मात्र एक लक्षात असू द्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धाची ही गोष्ट असून नायक गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचा आहे. मोठ्या मुलांना हे सांगावं. छोट्यांना गाडी पुरे.

चॅप्लिनचा ‘द किड’ १९२१चा, तासाभराचा. टाकून दिलेलं मूल एका भणंगाला सापडतं आणि तो ते वाढवतो. मूल मोठं झाल्यावर दोघांचा धंदा एकच, पोराने लोकांच्या काचा फोडायच्या आणि याने खांद्यावर काचा घेऊन त्या बसवायला जायचं. मुलं यावर लोळतात. अनाथालयाची गाडी येते तेव्हा तीच मुलं एकदम गप्प होतात. त्या वेळी दिवे लावू नका आणि कोणाला ‘रडतोस काय’ म्हणू नका.

‘द किड’ पालकांनी बघावा तो आणखी एका कारणासाठी. त्यातलं पोर, जॅकी कूगन, चित्रीकरणाच्या वेळी जेमतेम चार-पाच वर्षांचं होतं. पुढे त्याने लाखो डॉलर कमावले. मोठा झाल्यावर कळलं की पैसा आई आणि सावत्र बापाने उडवून टाकला आहे. १९३८ मध्ये त्याने दावा लावला, हाती फार थोडं लागलं, पण त्यातून पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा कायदा झाला. तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडे आता पोरांना नाचवून, बोलवून, रडवूनही व्हिडिओ टाकणारे आईबाप गावोगाव आहेत. लाइक मोजणं झालं की त्यांनी जॅकी कूगनची हकीकत एकदा वाचावी.

एवढं कोणत्याही जिल्ह्यातल्या शाळेला सांगता आलं असतं. वर्ध्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिच्यासाठीच मी हे लिहायला घेतलं.

दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले होते, तेव्हा २२ सप्टेंबर १९३१ रोजी पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउन भागात डॉ. कटियाल यांच्या घरी चार्ली चॅप्लिन त्यांना भेटायला आला. गांधीजींना हा माणूस कोण हे ठाऊक नव्हतं. तो गरिबांतून आलेला आहे आणि गरिबांना हसवतो असं कळल्यावर ते भेटायला तयार झाले. चॅप्लिनने आत्मचरित्रात ही भेट सविस्तर लिहिली आहे. त्याने विचारलं की यंत्रांना तुमचा एवढा विरोध का? यंत्रामुळे माणसाचे कष्ट कमी होत असतील तर वाईट काय? गांधीजींनी त्याला समजावलं की यंत्रांच्या जोरावरच इंग्लंडने आम्हाला परावलंबी केलं, म्हणून आमचं कापड आम्ही कातणार, आमचं अन्न आम्ही पिकवणार.

त्यानंतर सुमारे साडेचार वर्षांनी, फेब्रुवारी १९३६ मध्ये, ‘मॉडर्न टाइम्स’ आला. आणि त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस, वर्ध्याच्या उन्हात, गांधीजी शेगावला म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. गांधीजींमुळे चॅप्लिनने तो चित्रपट काढला असं कोणी भाषणात ठोकून देईल, तर मानू नका. डेट्रॉइटच्या कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर काम करणाऱ्या तरुणांची काय दशा होते ते एका वार्ताहराने त्याला सांगितलं होतं, शिवाय मंदी आणि बेकारी तो जगभर फिरून पाहून आला होता. पण विषय तोच आहे. पट्ट्यावरचे नट आवळून आवळून त्या कामगाराचे हात सुटीतही तसेच झटके देत राहतात. जेवणाच्या सुटीचा वेळ वाचावा म्हणून कामगाराला भरवणारं यंत्र आणतात, ते बिघडतं, कणीस तोंडावर गरागरा फिरतं. पुलगाव आणि हिंगणघाटच्या कापड गिरण्यांत ज्यांची हयात गेली ती माणसं अजून आहेत. भोंगा, पाळी, साच्यावरचे हात म्हणजे काय ते त्यांच्या नातवंडांना पुस्तकातून कळणार नाही. ‘मॉडर्न टाइम्स’ दाखवाल त्या दिवशी त्यांना पुढच्या रांगेत बसवा. यात आणखी एक खुबी आहे. १९३६ पर्यंत बोलपट रुळले होते, तरी इथली माणसं बहुतेक मुकीच आहेत. आवाज येतो तो मालकाच्या पडद्यातून, रेडिओतून, तबकडीतून. शेवटी चॅप्लिन गातो, पण त्या गाण्याला अर्थ नाही.

बापूंच्या जिल्ह्यात शाळेत सिनेमा, ही कल्पना काही ज्येष्ठांना रुचणार नाही. त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. १९२७-२८च्या सिनेमाविषयक सरकारी समितीला गांधीजींनी कळवलं होतं की मी कधी सिनेमाला गेलेलो नाही, पण त्याने होणारं नुकसान बाहेरूनही दिसतं. १९३९ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांना खुलं पत्र लिहून सिनेमाची बाजू मांडली होती. पण यंत्राबद्दल गांधीजी लोक समजतात तितके कडक नव्हते. शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केला होता. सुधारित चरख्यासाठी १९२९ मध्ये १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात तर अवजारंच मांडलेली आहेत. माणूस यंत्राला वापरतो की यंत्र माणसाला, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि ‘मॉडर्न टाइम्स’ दीड तास तोच प्रश्न विचारतो. तेव्हा दर २ ऑक्टोबरला तीच ती भाषणं देण्यापेक्षा आठवीच्या पुढच्या मुलांना हा चित्रपट दाखवा. सेवाग्राम आणि वर्ध्यातल्या गांधीविचारांच्या संस्थांनाही हीच विनंती आहे.

दुसरा चित्रपट ‘द ग्रेट डिक्टेटर’. हा नववी-दहावीला, दुसरं महायुद्ध शिकवून झाल्यावर. २३ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी हिटलरला पत्र लिहिलं, त्यावर पत्ता वर्ध्याचा. त्याला मित्र म्हणून संबोधलं आणि युद्ध टाळायची विनंती केली. २४ डिसेंबर १९४०चं दुसरं, लांबलचक पत्र तर वर्ध्याहूनच लिहिलेलं. दोन्ही पत्रं इंग्रज सरकारने जाऊ दिली नाहीत. या दोन पत्रांच्या मधल्या काळात, ऑक्टोबर १९४० मध्ये, हिटलरपेक्षा फक्त चार दिवसांनी मोठा असलेल्या चॅप्लिनचा हा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये झळकला. ज्यू न्हावी आणि हुकूमशहा, दोघंही तोच. हुकूमशहा पृथ्वीचा फुगा हवेत उडवत नाचतो आणि फुगा फुटतो. एकाने विनवणी केली, एकाने टर उडवली. दोहोंपैकी कशाचाही हिटलरवर परिणाम झाला नाही. छळछावण्यांतली भीषणता तेव्हा माहीत असती तर हा विनोद मला करता आला नसता, असं चॅप्लिनने पुढे लिहून ठेवलं आहे. दहावीच्या वर्गात एवढ्यावर एक अख्खा तास जाईल, आणि तो जावा. कशाकशावर हसावं हा प्रश्न पंधराव्या वर्षी पडलेला बरा.

बोलपटांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिथे भाषा आडवी येते. मार्क्स बंधूंचा ‘डक सूप’ इंग्रजी चांगलं असेल तरच घ्या, शब्दांचा खेळ खालच्या ओळींत मरतो. जाड्या-रड्याचा ‘द म्युझिक बॉक्स’, १९३२चा, बोलपट असूनही सगळ्यांना चालतो. अर्धा तास, एक पियानो, भलामोठा जिना, बस. मोठ्या माणसांनी घरी ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) बघावा आणि मग ‘चोरी चोरी’ (१९५६) व ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) काढावेत. तीच गोष्ट तीन तऱ्हांनी. ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) आणि ‘रफू चक्कर’ (१९७५) यांचंही तसंच. पुरुषांनी लुगडं नेसून केलेली फजिती आपल्याला ‘मोरूची मावशी’पासून ठाऊक आहे, त्यामुळे आपण जास्त चोखंदळपणे बघू. ‘होम अलोन’ (१९९०) हिंदीत मिळतो, मुलांनी तो पाहिलेला असतोच. त्यातले चोर कसे पडतात ते कीटननंतर पुन्हा बघायला सांगा.

दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी. या जुन्या चित्रपटांत काळ्या लोकांची टिंगल येते, कधी गोरे नट तोंडाला काळं फासून येतात. कीटनच्याही काही चित्रपटांत आहे. हे दाबून टाकू नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. पीटर सेलर्सचा ‘द पार्टी’, १९६८चा, मोठ्यांनी बघावा. गोरा नट तोंडाला रंग फासून भारतीय माणूस झालाय. काही ठिकाणी हसू येतं आणि काही ठिकाणी आपणच हास्याचा विषय झाल्याचं जाणवतं. आपल्या वऱ्हाडी बोलीला मुंबई-पुण्याच्या नाटक-सिनेमांत कसं वापरलं गेलं ते ज्यांना टोचतं, त्यांना हे लगेच कळेल. ‘सिटी लाइट्स’मधला लखपती दारू चढली की चॅप्लिनला मिठी मारतो आणि उतरली की ओळखत नाही. आपला जिल्हा कागदोपत्री दारूबंदीचा, तरी हा माणूस कोण हे मुलांना समजावून सांगावं लागणार नाही. अलीकडच्या अमेरिकी विनोदी चित्रपटांत ‘आर’ दर्जाचे बरेच असतात. ते शाळेत नकोत. घरीही लावण्याआधी स्वतः बघून घ्या.

आता व्यवस्था. शाळेच्या उपक्रमात, विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता चित्रपट दाखवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. गणपतीत चौकात पडदा लावून सगळ्या गावाला दाखवायचा असेल तर हक्क आणि परवानगी दोन्ही बघावी लागतील. १९२९ पर्यंतचे अमेरिकी मूकपट आता अमेरिकेतही हक्कमुक्त आहेत, पण त्यांना नव्याने जोडलेल्या संगीताचे हक्क वेगळे असू शकतात. प्रत नीट निवडा. मूकपट हाताने हँडल फिरवून काढत, बऱ्याचदा सेकंदाला १६ ते २० चित्रं या वेगाने. तीच फीत बोलपटाच्या २४च्या वेगाने चालवली की माणसं तुरुतुरु पळतात आणि मुलांना वाटतं जुन्या काळी लोक असेच चालायचे. डागडुजी केलेल्या प्रतीत हा वेग सुधारलेला असतो. मोबाइल जोडून दाखवणार असाल तर चित्रपट आदल्या दिवशी उतरवून ठेवा. ऐन रंगात चक्र फिरत बसलं की खोली हातची जाते.

मधल्या पाट्या इंग्रजीत असतात. मूकपटांच्या काळात आपल्याकडे पडद्याशेजारी उभं राहून पाट्या वाचून दाखवणारी माणसं असत. तुमच्या गावातही एखादा चेष्टेखोर, गोष्टीवेल्हाळ माणूस असेलच. पाट्यांचा मराठी मजकूर त्याला आधी लिहून द्या, चित्रपट दोनदा बघू द्या आणि वऱ्हाडीत वाचू द्या. एकच अट, पाटी संपली की त्याने गप्प बसायचं. विनोद समजावून सांगायचा नाही, त्यानेही नाही आणि गुरुजींनीही नाही. आणि कृपा करून सोमवारी ‘मला आवडलेला विनोदी प्रसंग’ यावर दहा ओळी लिहायला लावू नका.

सुरुवात दिवाळीनंतर करा. एप्रिल-मेमध्ये खिडक्या बंद करून पन्नास पोरं कोंबणं म्हणजे शिक्षा होईल. पहिल्या शनिवारी ‘द म्युझिक बॉक्स’, दुसऱ्या महिन्यात ‘शर्लॉक ज्युनिअर’, तिसऱ्यात ‘द किड’, मग लॉइड. खिडक्यांना लावायला काळं कापड मंडप डेकोरेशनवाल्याकडे मिळतं, लग्नसराई नसेल तर तो भाडंही घेत नाही. लहान मुलं पुढे, मोठी मागे, आजोबा-आजी खुर्चीवर कडेला, आणि प्रोजेक्टरची वायर चिकटपट्टीने फरशीला पक्की करून घ्या, कारण हसताना पाय झाडणारं एक तरी पोट्टं प्रत्येक वर्गात असतंच.